बघ्यांची कल्हई

सिराज कल्हईवाल्याला एका जागी बसलेलं पाहायचं असेल, तर भट्टी पेटलेली असताना जावं. एरवी या माणसाच्या पायाला भिंगरी. जेवता जेवता उठून दारात जाऊन येईल, चहा उभ्यानं पिईल, घरी पाहुणे आले तर त्यांच्याशी बोलता बोलता भिंतीवरचं घड्याळ सरळ कर, चपलांचे जोड नीट लाव, असं त्याचं चालू. "तुम्हाला घरातच एक भट्टी मांडून द्यायला हवी," त्याची बायको आयेशा म्हणायची, "म्हणजे जरा टेकाल तरी." पण शहराला पर्यटनाचं वेड लागलं आणि सिराज भट्टीपुढेसुद्धा चुळबुळायला लागला.

त्याचं दुकान बुधवार पेठेत. दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधे उरलेली फट, तिला शटर. एका अंगाला मोबाइलची कव्हरं, दुसऱ्या अंगाला वायरींची भेंडोळी, आणि मधे सिराज, त्याचा भाता, कथलाच्या कांड्या आणि नवसागराचा डबा. त्याचे वडील खालिदमियाँ याच जागी बसत. त्यांच्या वेळी नारायण पेठेतून पितळी पातेली हातगाडीवर लादून यायची, आणि पातेलं हातात देताना बायका दम भरायच्या, "आमटी कळकली तर तुमच्या दारात आणून ओतीन हं!" आजच्या स्टीलवाल्या पिढीला कळकणं म्हणजे काय ते सांगावं लागतं. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात आंबट काही शिजवलं, की ते हिरवट पडतं, जिभेवर धातूची चव उतरते आणि पोटाला बाधतं. खालिदमियाँच्या दारात कधी कुणी आमटी ओतली नाही. म्हातारा एवढंच मागे ठेवून गेला, आणि सिराजला ते पुरेसं वाटत असे.

त्यांच्या कामातलं खरं कष्टाचं काम कल्हई नव्हेच, घासणं. तांब्याची मोठी देग आली की तिच्यात वाळू टाकायची, वर ओलं फडकं, फडक्यावर स्वतः उभं राहायचं आणि भिंतीला हात टेकून कमरेतून डावीकडे-उजवीकडे फिरत राहायचं. आतलं तांबं सगळीकडून गुलाबी दिसेस्तोवर. जिथं मळ राहिला तिथं कथील धरत नाही. वरून चकाकतं, पण आत काळंच राहतं. हे काम करताना पोटऱ्यांना गोळे येतात आणि बघणाऱ्याला काहीही मजा येत नाही. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे.

कारण मग भाग्यश्री आली. ही मुलगी वाईट होती असं कुणी समजू नये. शहराच्या पर्यटन विकासाचं कंत्राट घेतलेल्या एका संस्थेत ती होती. पाठीवर सॅक, हातात टॅब, आणि पुण्यावर मनापासून प्रेम. "चाचा, प्रॉब्लेम काय आहे माहितीये?" तिनं पहिल्याच दिवशी सिराजपुढे मांडलं. "टूरिस्ट पुण्यात येतो, शनिवारवाडा बघतो, बाकरवडी घेतो आणि महाबळेश्वरला निघून जातो. त्याला इथं एक रात्र थांबवायचंय. त्याला आपण काहीतरी लाइव्ह दाखवायला पाहिजे."

"मग मी काय करू?" सिराजनं विचारलं.

"तुम्ही जे करता तेच करा. फक्त चौकात."

चौकाला फरसबंदी झाली, जुन्या धर्तीचे दिवे आले, आणि एका कडेला सिराजसाठी ओटा बांधला गेला. अंगात काळा कुडता, छातीवर बोधचिन्ह. शनिवार-रविवारी जुन्या पेठा दाखवणारी मंडळी फिरत फिरत तिथं येत. सिराज पातेलं तापवी, चिमूटभर नवसागर टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, कथलाची कांडी आतून फिरे, आणि कापसाचा बोळा सर्रकन फिरवला की काळपट पातेलं चांदीसारखं होई. लोक "वाऽ" म्हणत आणि टाळ्या वाजवत. सिराजच्या आयुष्यात कुणी त्याच्यासाठी टाळी वाजवली नव्हती. पहिल्या दिवशी त्याला इतकं भरून आलं की त्यानं नवसागराचा धूर डोळ्यात गेल्याचं निमित्त केलं.

मग हळूहळू कामाला कात्री लागत गेली. भाग्यश्री म्हणाली, चाचा, धूर थोडा जास्त हवा, फोटोत येत नाही. सिराजनं मूठभर नवसागर टाकायला सुरुवात केली. मग म्हणाली, चाचा, घासण्यात फार वेळ जातो, लोक मोबाइल बघायला लागतात. सिराजनं घासणं सोडलं. शोचं पातेलं एकच होतं. त्याच्यावर कल्हई, तिच्यावर पुन्हा कल्हई, पुढच्या आठवड्यात आणखी एक थर. त्यात कुणी काही शिजवणार नव्हतं, त्यामुळे बिघडण्यासारखंही काही नव्हतं. असं तो स्वतःला सांगे आणि मग उठून चौकाला एक फेरी मारून येई.

मेट्रोच्या स्टेशनात त्याचा फोटो लागला. धुरात अर्धा चेहरा, हातात सांडशी, खाली इंग्रजीत काहीतरी. वायरीवाला दत्तप्रसाद रोज सकाळी शटर वर करता करता विचारी, "काय सिराजभाई, आज दर्शनाची वेळ काय?" सिराज हसे. पण दुकानात कुणी खरंखुरं भांडं घेऊन आलं की त्याच्या लक्षात येई, घासता घासता आपला हात मधेच थांबतो आणि कापसाकडे जातो. हाताला आता शेवट आधी हवा असे. तो हात मागे ओढी, पुन्हा घासायला लागे. दिवसभर जीव थाऱ्यावर नसे.

अशातच पर्यटन महोत्सव आला. देशभरातले सहली काढणारे लोक दोन दिवस पुण्यात येणार होते. त्यांना आवडलं तर त्यांच्या गाड्या भरून माणसं येणार, असं भाग्यश्रीचं गणित. आणि जेवणासाठी तिनं नूरबानूआपांना गाठलं.

नूरबानूआपा म्हणजे पेठेतल्या मुसलमानांच्या लग्नातला शेवटचा शब्द. वय सत्तरीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, आवाज मात्र मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. त्यांचा दुध्याचा दालचा, म्हणजे डाळ, दुधी आणि भरपूर चिंच, आणि त्याच्याबरोबर बगारा भात, एवढंच खाण्यासाठी लोक नावडत्या नातेवाइकांच्या लग्नालाही जात. दालचा शिजे तांब्याच्या देगेत. अल्युमिनियमला आपा हात लावत नसत. आणि त्या देगेला कल्हई करायची ती खालिदमियाँनी, त्यांच्यामागे सिराजनं. दुसऱ्या कुणी नाही.

भाग्यश्रीच्या डोक्यात लगेच चित्र तयार झालं. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर चौकात देगेला कल्हई, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच देगेतलं जेवण. "म्हणजे स्टोरी कम्प्लीट होते, चाचा."

सिराज म्हणाला, "देग घासायला अर्धा दिवस लागतो. दुपारीच पोचली पाहिजे."

"पोचेल की."

ती पोचली नाही. पाहुण्यांच्या बससाठी रस्ते अडवले होते, त्यात देगेचा टेंपो अडकला. पाहुण्यांसाठी अडवलेल्या रस्त्यावर पाहुण्यांसाठी आणलेली देग अडकते, हे आपल्याकडेच होऊ जाणे. टेंपो चौकात आला तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या, दिवे लागले होते आणि डोक्यावर कॅमेऱ्याचं ड्रोन घोंघावत होतं. सिराजनं देगेत डोकावून पाहिलं. बुडाशी, कडेला, तळहाताएवढ्या जागी कल्हई उडाली होती आणि तांबं काळंशार पडलं होतं.

"चाचा, सुरू करायचं?" भाग्यश्री कानाशी येऊन कुजबुजली.

आता इथं सिराजला नाही म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की आज होणार नाही, उद्या सकाळी करतो. पण समोर सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं मूठभर वाळू टाकून हातानं एक फेर मारला आणि भट्टीला हवा दिली. पुढचं सगळं त्याच्या सवयीच्या हातानं आपोआप केलं. धूर असा उठला की पुढच्या रांगेतल्या बाया खोकल्या. काळ्या डागावर त्यानं कथील दोनदा फिरवलं, वरून कापूस दाबून ओढला, आणि डाग नाहीसा झाला. देग आरशासारखी लखलखली. खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

नूरबानूआपा कडेला उभ्या होत्या. एरवी त्या देगेत हात घालून, बोट फिरवून, वास घेऊन मगच मान हलवायच्या. त्या दिवशी गर्दीत त्यांना पुढे येता आलं नाही. त्यांनी लांबूनच बघितलं आणि सिराज ओट्यावरून उतरून आला तेव्हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बापाचा हात उतरला रे तुझ्यात," त्या म्हणाल्या, आणि डाळ भिजवायची म्हणून देग तशीच जेवणाच्या मांडवात घेऊन गेल्या.

सिराज घरी आला आणि उभ्यानंच जेवला. आयेशानं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही." तिनं पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याचं "काही नाही" किती प्रकारचं असतं ते तिला ठाऊक होतं.

सकाळी उजाडता उजाडता तो मांडवाकडे निघाला. सरळ गेला असता तर लगेच पोचला असता. तो गेला नदीकडून, मग परत फिरला, मग दगडूशेठच्या रस्त्यानं फुलवाल्यांच्या टोपल्या चुकवत आला. डोक्यात एकच घोळत होतं. कदाचित टिकेल. एका जेवणापुरती टिकेल. आणि नाही टिकली तर? चिंच पडली की ते कथील सालपटासारखं सुटेल आणि आपांच्या दालच्याला बट्टा लागेल. सांगून टाकावं. सांगायला काय लागतं? आपा, देग घासली नव्हती, उतरवा, मी आत्ता घासून देतो. जेवायला थोडा उशीर होईल. एवढंच. तो हे वाक्य पुटपुटत चालला होता. समोरून येणाऱ्या एका गृहस्थानं त्याला तिरप्या नजरेनं वाट करून दिली.

मांडवात आपा एकट्याच होत्या. मदतीच्या बाया अजून यायच्या होत्या. आपा पाटावर बसून दुधी सोलत होत्या, देग चुलाणावर चढलेली होती, पण खाली जाळ नव्हता.

"अरे, तू?" त्यांना मनापासून आनंद झाला. "ये, बस. चहा घे." त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. सिराज उभाच राहिला. "काल माझा नातू म्हणत होता, आजी, तुझी देग टीव्हीवर येणार. मी म्हटलं, देग कशाला, देगेत काय आहे ते दाखवा म्हणावं."

सिराज हसला. वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आपा म्हणाल्या, "मला काल खरंच बरं वाटलं रे. या पोरांनी आपल्याला विचारलं. नाहीतर आपण पेठेत राहतो हे पेठेला तरी कुठं माहीत असतं?"

चहा संपला. सिराजनं कप खाली ठेवला, चुलाणाजवळची दोन लाकडं उगाचच सरळ केली, आणि म्हणाला, "येतो, आपा."

"दुपारी जेवायला ये," आपांनी मागून हाक मारली.

दुपारी पाहुणे आले, टेबलं मांडली गेली. चौकापासून मांडवापर्यंत फोडणीचा वास पसरला होता. भाग्यश्री माइक घेऊन देगेचा महिमा सांगत होती. सिराज मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालत होता. त्याची नजर आपांवर होती. आपांनी पळीभर दालचा काढला, फुंकर मारली आणि चाखला. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. त्यांनी पाणी पिऊन पुन्हा चाखला. मग पळी देगेत तळापर्यंत नेली, वर आणली आणि तिच्यातलं काहीतरी बोटानं उचलून पदराला पुसलं. आणि त्यांनी मान वर करून सिराजकडे पाहिलं.

सिराज जागच्या जागी थिजला. बऱ्याच महिन्यांत तो इतका स्तब्ध उभा राहिला नव्हता.

"दालचा वाढायचा नाही," आपा मदतीच्या बायांना म्हणाल्या. "बगारा वाढा, दही वाढा. हे गटारात ओता."

भाग्यश्री धावत आली. "आपा, काय झालं? अहो, सगळे दालच्यासाठी बसलेत! थोडा तसाच वाढला तर? त्यांना ओरिजिनल चव कुठे माहितीये?"

"मला माहितीये ना," आपा म्हणाल्या.

"पण बिघडलं काय?"

आपांनी पदर खोचला. "चिंच खराब निघाली. चूक माझी. मीच नीट बघितली नाही. म्हातारी झाले, काय करणार."

आणि हे ऐकून सिराजला काय वाटलं? त्याला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. सुटलो, असं वाटलं. आणि पुढच्या क्षणी आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच त्याला इतकी शिसारी आली की त्याला तिथं उभं राहवेना. पन्नास वर्षं जिच्या हाताला कुणी नावं ठेवली नाहीत, ती बाई भर मांडवात स्वतःला म्हातारी म्हणवून घेत होती, त्याच्यासाठी. तो तरातरा भाग्यश्रीकडे गेला आणि तिच्या हातातला माइक घेतला.

"चिंच चांगली आहे," तो म्हणाला. माइक किंचाळला, लोकांनी कानांवर हात ठेवले. "चिंच चांगली आहे. दोष माझा. काल मी जी कल्हई केली ना, ती खोटी होती. देग घासलीच नव्हती मी. तुम्ही बसला होता, मला तुमच्यासमोर थांबता येईना. माझ्या बापानं आयुष्यात असं काम केलं नाही. मी केलं. दालचा कळकला तो माझ्यामुळे. आपांची काही चूक नाही."

कुणीतरी शेजाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगितला, त्यानं पलीकडच्याला. मग मागच्या टेबलावरून एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. एका बाईंनी डोळे पुसले. मोबाइल वर झाले. सिराज वेड्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला. शिव्या पडतील असं त्याला वाटलं होतं, आणि त्या पडायला हव्या होत्या.

त्यानं वळून पाहिलं तर आपा देगेजवळ नव्हत्या. रिकामी देग टेंपोत चढवली जात होती. तो धावत गेला. "आपा..."

नूरबानूआपा पुढच्या सीटवर चढत होत्या. त्यांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "सकाळी आला होतास ना रे? चहा पिऊन गेलास. तेव्हा मी एकटीच होते."

सिराजनं टेंपोच्या दाराला हात लावला.

"माझ्या एकटीसमोर तुला बोलता आलं नाही," आपा म्हणाल्या, "पण एवढ्या लोकांसमोर बरोबर बोलता आलं." आणि त्यांनी दार ओढून घेतलं. टेंपो निघाला.

पाठीमागून भाग्यश्री धापा टाकत आली. तिचा चेहरा फुलला होता. "चाचा, काय बोललात! लोक रडले अक्षरशः. ते दिल्लीवाले विचारतायत, हे रेग्युलर शोमध्ये असतं का? चाचा, दर रविवारी शेवटी असं दोन मिनिटं बोलाल? अगदी असंच, मनापासून?"

सिराज तिच्याकडे बघत राहिला. ती हे अगदी निर्मळपणे विचारत होती. आणि त्या बिचारीवर रागावण्याआधीच त्याच्या लक्षात आलं की आपण डोक्यात पहिलं वाक्य जुळवतोय. बापाचं नाव आधी घ्यावं, की देगेपासून सुरुवात करावी. त्यानं माइक तिच्या हातात कोंबला आणि टेंपोच्या मागे पळत सुटला.

काळ्या कुडत्यातला, छातीवर बोधचिन्ह असलेला एक पिकल्या दाढीचा माणूस भर दुपारी रस्त्यानं पळतोय म्हटल्यावर दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. दत्तप्रसाद ओरडला, "अहो सिराजभाई, आज शो फिरता आहे का?" सिराज थांबला नाही. नशिबानं पुढचा चौक नेहमीसारखा तुंबलेला होता, आणि दोन पीएमपी बसच्या मधे टेंपो अडकून पडला होता. तो खिडकीशी पोचला. त्याला दम लागला होता, पोटऱ्यांत गोळे आले होते.

"आपा, देग घासली नव्हती," तो म्हणाला.

चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. आपांनी कानामागे तळवा धरला. "काय? ऐकू येत नाही."

"देग घासली नव्हती! सकाळी सांगायला आलो होतो. नाही सांगितलं." हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. शेजारच्या स्कूटरवाल्यानं हेल्मेट वळवून बघितलं आणि म्हणाला, "काका, बाजूला व्हा, सिग्नल सुटलाय."

आपा त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि चेहऱ्यावर राग तसाच होता. पुढची बस हलली. टेंपोवाल्यानं गिअर टाकला.

"मागं चढ," आपा म्हणाल्या. "आणि देग धरून बस. रिकामी आहे, आपटेल."